शीटवर नकाशा, लोगो, रेंडर धुरकट येतात: पिक्सेल नेमके कुठे गळतात?

हरिपूर_घाट
नमस्कार मंडळी. सांगलीत कृष्णेकाठच्या प्लॉटवर तळमजला अधिक दोन अशा घराचं काम रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) चालू आहे. ए-१ शीटवर चार इमेजेस आहेत.

भाग नकाशा: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जेपीजी, १६०० × ११३१ पिक्सेल, शीटवर ३८ सेंमी रुंद ठेवलाय.
लोगो: २४० पिक्सेल रुंद पीएनजी, टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरची नाव-माहितीची चौकट) ६ सेंमी.
रेंडर: १९२० × १०८०, शीटवर ४० सेंमी.
जागेचा फोटो: मोबाइलचा, ४००० × ३०००, शीटवर १५ सेंमी.

स्क्रीनवर सगळं बऱ्यापैकी दिसतं. पीडीएफ काढली की फोटोसकट चारही धुरकट. नकाशावरचे गट नंबर तर वाचताच येत नाहीत. पूररेषेचा नकाशाही अजून जोडायचाय. तोच भाग ऑटोकॅडच्या फाइलमध्येही लागणार आहे. सुरुवात कुठून करू?

अजिंक्यतारा
आधी भागाकार करा, सॉफ्टवेअरकडे नंतर बघू. इमेजचे रुंदीतले पिक्सेल भागिले कागदावरची रुंदी इंचात. येईल तो खरा डीपीआय, म्हणजे कागदावरच्या एका इंचात किती पिक्सेल.

भाग नकाशा: ३८ सेंमी म्हणजे १४.९६ इंच. १६०० भागिले १४.९६, म्हणजे १०७.
लोगो: २.३६ इंचात २४०, म्हणजे १०२.
रेंडर: १५.७५ इंचात १९२०, म्हणजे १२२.
फोटो: ५.९ इंचात ४०००, म्हणजे जवळपास ६७७.

पहिल्या तिन्हींत मुळातच माल कमी आहे. फोटोत मात्र गरजेच्या तिप्पट-चौपट आहे. तरी तोही धुरकट येतोय, म्हणजे दोष दोन आहेत: तीन इमेजेस उपाशी आणि वर प्रिंटच्या सेटिंगमध्ये गळती. दोन्ही वेगवेगळे तपासा, नाहीतर एक दुरुस्त करूनही फरक दिसणार नाही आणि भलतीकडेच शोध सुरू होईल.

किती लागतो? हातभर अंतरावरून बघायच्या रेंडरला आणि फोटोला १५० ते २०० पुरतो. ज्यात अक्षरं आणि बारीक रेषा आहेत, त्याला ३०० च्या खाली जाऊ नका. निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेषांचा स्कॅन असेल तर ४०० ते ६००.

आणखी एक. फोटोशॉपमध्ये इमेज उघडून ७२ च्या जागी ३०० लिहिलं आणि रीसॅम्पलची खूण काढलेली असली, तर एकही पिक्सेल वाढत नाही. तो आकडा म्हणजे फाइलवरची चिठ्ठी. फार तर शीटवर पहिल्यांदा ठेवताना आकार वेगळा येईल. रीसॅम्पल करून वाढवलं तर पिक्सेल वाढतात, पण त्यात माहिती नवीन काहीच नसते, कडा आणखी मऊ होतात.

मिरज_प्लॉटर
फोटो ६७७ असून धुरकट, म्हणजे रेव्हिटच्या प्रिंट सेटअपमधलं रास्टर क्वालिटी 'लो' वर आहे असं धरून चाला. तिथे चार पायऱ्या आहेत: लो म्हणजे ७२, मीडियम १५०, हाय ३००, प्रेझेंटेशन ६०० डीपीआय. लो वर असेल तर तुम्ही ६७७ ची इमेज द्या की ६,००० ची, बाहेर ७२ च पडणार. 'हाय' ठेवा. 'प्रेझेंटेशन' फक्त शेवटच्या प्रतीला, कारण ए-१ वर फाइल फुगते आणि प्लॉटरची मेमरी कमी असेल तर प्रिंट अर्ध्यात थांबते.

याच खिडकीत व्हेक्टर आणि रास्टर प्रोसेसिंग आहे: व्हेक्टरमध्ये रेष रेषच राहते, रास्टरमध्ये तिचे पिक्सेल होतात. व्हेक्टर निवडा. पण ज्या व्ह्यूमध्ये सावल्या चालू आहेत किंवा व्हिज्युअल स्टाइल शेडेड, रिअ‍ॅलिस्टिक आहे, तो अख्खा व्ह्यू रेव्हिट रास्टर करूनच पाठवतं, तुम्ही व्हेक्टर निवडलं असलं तरी. मग त्या व्ह्यूमधल्या मापांच्या रेषा आणि अक्षरंसुद्धा पिक्सेल होतात. म्हणून नकाशा असल्या व्ह्यूमध्ये ठेवू नका, थेट शीटवर ठेवा.

पीडीएफ कशी काढता? पीडीएफ प्रिंटर ड्रायव्हर वापरत असाल तर त्याचं स्वतःचं इमेज डाउनसॅम्पल (पिक्सेल कमी करणं) असतं आणि बऱ्याचदा ते १५० वर लावलेलं असतं. रेव्हिटमध्ये हाय आणि ड्रायव्हरमध्ये १५०, म्हणजे पुन्हा तेच. २०२२ पासून रेव्हिटमध्येच पीडीएफ एक्स्पोर्ट आहे. ते वापरलं की मधला ड्रायव्हर वगळला जातो.

तपासायची पद्धत: पीडीएफ ४०० टक्क्यांवर उघडा, शेजारी मूळ इमेज तेवढीच मोठी करा. मूळ स्वच्छ आणि पीडीएफ चौकोनी दिसली तर गळती प्रिंटमध्ये. दोन्ही सारखीच खराब असतील तर मूळच खराब. पीडीएफ स्वच्छ आणि कागद खराब असेल तर प्लॉटरचा ड्राफ्ट मोड, नाहीतर 'फिट टु पेपर'. शंभर टक्के आकारावरच काढा.

हरिपूर_घाट
बरोबर निघालं. रास्टर क्वालिटी लो होती. हाय केली, एक्स्पोर्टमधून पीडीएफ काढली. फोटो एकदम स्वच्छ. रेंडर थोडं सुधारलं. नकाशा आणि लोगो जसेच्या तसे.

अजिंक्यतारा
अपेक्षित होतं. रेंडर ३२०० × १८०० वर परत काढा, ४० सेंमीला २०३ बसतो. गुणोत्तर १६:९ च राहतं, त्यामुळे शीटवरची चौकट हलणार नाही.

नकाशासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल सोडून द्या. साधा फोटो म्हणून पाठवलं की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते आणि वर दाबून जेपीजी होतं. तुमची १६०० ची इमेज तशीच आलेली आहे. क्लायंटना सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग फाइल आहे तशी येते. त्याहून बरं म्हणजे मूळ कागद मागवून इथेच स्कॅन करायचा. मोबाइलने ए-३ कागदाचा फोटो काढला तर ४२० मिमीत ४००० पिक्सेल, म्हणजे हिशेबाने २४२ डीपीआय, पण तो मध्यभागी. कोपऱ्यांकडे मऊपणा येतो, कागद थोडा तिरका असतो, लेन्सची वक्रता असते. माप घ्यायच्या नकाशाला हे चालत नाही.

टिपण_फाळणी
नकाशाच्या बाबतीत डीपीआयपेक्षा दुसरा आकडा काढा: एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर किती.

नगर भूमापनाची १:५०० ची शीट घ्या. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिमी, म्हणजे जमिनीवर ४.२ सेंमी. ६०० ला २.१ सेंमी. व्हॉट्सअ‍ॅपवरची १६०० पिक्सेलची ए-३ इमेज घेतली तर पिक्सेल ०.२६ मिमीचा, जमिनीवर १३ सेंमी. १:५००० चा नकाशा असेल तर हेच आकडे ४२ सेंमी आणि १.३ मीटर. आता भिंतीपासून हद्दीपर्यंतचं अंतर त्यावरून कसं मोजणार?

उलट बाजूही लक्षात ठेवा. कागदावरची शाईची रेषाच अर्धा मिमी जाड असते. १:५०० ला ती २५ सेंमी झाली. म्हणून १२०० डीपीआयला स्कॅन करून अचूकता वाढत नाही, रेषेची जाडीच जास्त बारकाईने दिसते. ४०० पुरे. ए-३ ला ६६१४ × ४६७७ पिक्सेल येतील. हद्दीची मापं मोजणीच्या 'क' प्रतीवर (भूमी अभिलेख खात्याने मोजणीनंतर दिलेला नकाशा) लिहिलेली असतील ती आकड्यांतून घ्या, चित्रावरून नाही.

आणि हरिपूर_घाट, एक चूक तुमच्या नजरेतून सुटलीय. ए-३ नकाशा ४२ सेंमीचा असतो. तुम्ही तो ३८ सेंमीत बसवलाय. नकाशावर छापलेलं १:५०० आता खोटं झालं, प्रत्यक्षात १:५५३ आहे. एकतर पूर्ण ४२ सेंमी ठेवा, नाहीतर खाली मीटरची स्केलपट्टी काढा आणि नकाशावरचं प्रमाण झाका. छाननी करणाऱ्याने पट्टी लावून मोजलं तर आकडा चुकीचा येतो आणि फाइल परत येते.

हरिपूर_घाट
हे खरंच लक्षात नव्हतं, धन्यवाद. पूर्ण ४२ सेंमी ठेवतो. पूररेषेचा नकाशा कसा स्कॅन करू? काळा-पांढरा ६०० ला केला तर फाइल लहान राहील असं वाचलं.

टिपण_फाळणी
अजिबात नको. त्यावर निळी रेषा आणि लाल रेषा अशा दोन असतात. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित. एक-बिट (निव्वळ काळ्या-पांढऱ्या) स्कॅनमध्ये दोन्ही काळ्या होतात आणि जिथे त्या जवळ येतात तिथे कोणती कुठली हे सांगता येत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं यावर लोक घर सोडायचं ठरवतात. तिथल्या शीटवर ही संदिग्धता ठेवू नका.

रंगीत, ४०० डीपीआय, टिफ किंवा पीएनजी. जेपीजी नको, आणि त्यामागे ठोस कारण आहे. बहुतेक जेपीजी रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी करून साठवतात. उजेड-अंधार पूर्ण बारकाईने राहतो, रंग चार पिक्सेलला मिळून एक. फोटोत ते कळत नाही. पण पांढऱ्या कागदावरची दोन-तीन पिक्सेल जाड लाल रेषा बघा: ४०० टक्क्यांवर तिच्या दोन्ही बाजूंना गुलाबी झाक पसरते, मधला लाल राखाडी पडतो, अक्षरांभोवती डासांच्या थव्यासारखे ठिपके येतात. ते ठिपके आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत कोंडलेले असतात, म्हणजे दोष जेपीजीचाच. पीएनजीत हे काहीच होत नाही.

कराड_संगम
मग सगळंच ६०० ला रंगीत पीएनजी ठेवलं तर? हार्डडिस्क काय, स्वस्त आहे. आणि जुने छोटे जेपीजी एआयने मोठे करता येतातच की.

अजिंक्यतारा
ए-१ कागद ६०० ला रंगीत म्हणजे सुमारे १४०३२ × १९८६६ पिक्सेल. न दाबता ८३ कोटी बाइटच्या वर. तोच एक-बिट असेल तर साडेतीन कोटीच्या आत, दाबल्यावर आणखी कितीतरी कमी. डिस्कवर फाइल लहान असली तरी उघडल्यावर मेमरीत ती पूर्ण पसरते. अशा तीन-चार इमेजेस मॉडेलमध्ये टाकल्या की शीट उघडताना आणि पॅन करताना मशीन अडकतं. रंगाची गरज नसेल तिथे एक-बिट, रंग लागतो तिथे ४००, फोटो शीटवरच्या आकाराला २०० धरून. तुमचा १५ सेंमीचा फोटो १२०० पिक्सेलला आणलात तरी कागदावर फरक दिसणार नाही.

टिपण_फाळणी
एआयबद्दल स्पष्ट सांगतो. रेंडरमागचं आकाश, झाडं, दगडी भिंतीचं टेक्श्चर यांना वापरा, हरकत नाही. नकाशाला नाही. ते सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. धुरकट ३ ला ते ठसठशीत ८ करू शकतं आणि धुरकट आकडा निदान संशय तरी उत्पन्न करतो, ठसठशीत चुकीचा आकडा कोणी परत तपासत नाही. गट नंबर, क्षेत्र, लांबी यांतलं काहीही असल्या इमेजवरून घेऊ नका.

विटा_ड्राफ्टिंग
ऑटोकॅडचं सांगतो.

इमेज कंट्रोल-व्ही करून चिकटवू नका. वर्ड, एक्सेल वगैरेतून चिकटवलेली इमेज ओएलई ऑब्जेक्ट (दुसऱ्या प्रोग्रामशी जोडलेला तुकडा) होते आणि प्लॉटला भरड येते. आधीच चिकटवलेली असेल आणि मूळ फाइल नसेल तर ओएलईक्वालिटी २ करा, ओएलईस्टार्टअप १ करा. दुसरं व्हेरिएबल प्लॉटच्या वेळी मूळ प्रोग्राम उघडतं, त्याने थोडा फरक पडतो. पण नीट मार्ग म्हणजे इमेजअटॅच.

अटॅच केलेली इमेज स्क्रीनवर भरड दिसली तर इमेजक्वालिटी कमांड देऊन 'हाय' करा. हे फक्त स्क्रीनपुरतं. प्लॉट नेहमी उच्च दर्जाचाच होतो, त्यामुळे प्लॉट खराब येत असताना इथे शोधत बसू नका. तिथे बघायचं ते प्लॉटर कॉन्फिगरेशन: डीडब्ल्यूजी टु पीडीएफ निवडून प्रॉपर्टीज, त्यातलं रास्टर इमेजचं रिझोल्यूशन. ते ४०० ठेवा. व्ह्यूपोर्टमध्ये रेंडर्ड किंवा शेडेड मॉडेल असेल तर शेडप्लॉट क्वालिटी वेगळी असते: प्रिव्ह्यू फार तर १५०, नॉर्मल फार तर ३००, प्रेझेंटेशन फार तर ६००. थ्री-डी व्ह्यू भरड आणि अटॅच केलेली इमेज स्वच्छ असं दिसलं तर गळती इथे.

ऑटोकॅडमधली इमेज फाइलच्या आत नसते, बाहेरून जोडलेली असते. फक्त डीडब्ल्यूजी पेनड्राइव्हवर टाकून प्लॉटिंगला दिली की तिथे रिकामी चौकट आणि पाथ दिसतो. ईट्रान्समिट वापरा, इमेजेससकट पॅकेज होतं. चौकट छापायची नसेल तर इमेजफ्रेम २: स्क्रीनवर दिसते, निवडता येते, कागदावर येत नाही.

माप जुळवायला: स्केल कमांड, इमेज निवडा, बेस पॉइंट, मग आर, मग नकाशावर माहीत असलेल्या लांबीची दोन टोकं, मग खरी लांबी. टोकं जितकी लांब तितकी चूक कमी. १० मीटरच्या बाजूवर ५ सेंमी चुकलात तर १०० मीटरवर ती अर्धा मीटर होते. जुन्या कागदाला आडवी आणि उभी वाढ वेगवेगळी असते, म्हणून आडव्यावर जुळवून उभ्यावर डिस्ट कमांडने अंतर मोजून तपासा. रेव्हिटमध्ये प्रपोर्शन लॉक काढून आडवं-उभं स्केल वेगळं देता येतं, ऑटोकॅडमध्ये इमेज ब्लॉकमध्ये टाकून एक्स आणि वाय स्केल वेगळे द्या.

नकाशा पीडीएफमध्ये मिळाला तर सगळ्यात आधी १६०० टक्क्यांवर झूम करा. रेष तशीच तासलेली राहिली, अक्षरं सिलेक्ट झाली, तर तो व्हेक्टर आहे. त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका. पीडीएफअटॅचने जोडा, नाहीतर २०१७ पासून असलेल्या पीडीएफइम्पोर्टने थेट पॉलिलाइन करा. पिक्सेलचा प्रश्नच मिटतो. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर पीडीएफइम्पोर्ट आतली इमेज पीएनजी म्हणून बाहेर काढून देतं.

मिरज_प्लॉटर
रेव्हिटमध्ये हेच वेगळं आहे, म्हणून जोडतो. रेव्हिटमध्ये पीडीएफ आणली की ती इमेज बनते, व्हेक्टर असली तरी. आणताना पानाबरोबर रिझोल्यूशन विचारतं, तिथेच ३०० निवडा. पुढे-पुढे पुसट वाटलं तर ताणू नका, पुन्हा आणा. व्हेक्टर पीडीएफवर स्नॅप चालू करता येतात, त्यामुळे तिच्यावरून हद्द गिरवणं सोपं जातं. आणि इमेज थ्री-डी व्ह्यूमध्ये ठेवता येत नाही, भिंतीवर चित्र हवं असेल तर डेकल (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) वापरा.

कास_पठार
स्केचअपवाल्यांसाठी थोडक्यात. गुगलचा उपग्रह फोटो किंवा नकाशा जमिनीवर टाकला की पुसट होतो, याचं कारण बहुतेक वेळा प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या पानावरची 'मॅक्सिमम टेक्श्चर साइज'ची खूण. ती नसेल तर जुन्या व्हर्जन्स इमेज १०२४ पिक्सेलपर्यंत उतरवून दाखवतात. खूण करा आणि इमेज पुन्हा इम्पोर्ट करा. त्यानंतरही पुरत नसेल तर इमेजचे चार समान तुकडे करून चार आयतांवर शेजारी-शेजारी ठेवा, प्रत्येकाला पूर्ण मर्यादा वेगळी मिळते. कापताना पिक्सेल संख्या सम ठेवा, नाहीतर सांध्यावर एक पिक्सेलची फट दिसते. लेआउटमध्ये गेलात की डॉक्युमेंट सेटअपमधल्या पेपरच्या पानावर आउटपुटचं रिझोल्यूशन वेगळं आहे, तेही बघा.

हरिपूर_घाट
आत्ताची स्थिती: नकाशा कागदावरून ४०० ला रंगीत स्कॅन, पीएनजी, ४२ सेंमी. गट नंबर आणि त्यांच्यातल्या तिरक्या रेघासुद्धा वाचता येतात. पूररेषेत निळी-लाल वेगळी दिसते. रेंडर ३२०० ला. पोर्टलवर चढवायची पीडीएफ मोठी झालीय, ती ऑनलाइन कॉम्प्रेस केली तर चालेल का? आणि लोगो राहिलाय. डीडब्ल्यूजीमध्ये तो रेषांचा मिळालाय.

अजिंक्यतारा
ऑनलाइन कॉम्प्रेसर सगळ्या इमेजेसना एकाच मापाने खाली आणतो, नकाशालाही. त्याऐवजी मूळ फोटो १२०० पिक्सेलला आणा, रेंडर जेपीजी करा, तेवढ्याने बरंच उतरेल. नकाशाला हात लावू नका.

विटा_ड्राफ्टिंग
लोगो डीडब्ल्यूजीतून टायटल ब्लॉक फॅमिलीत (टायटल ब्लॉकची रेव्हिटमधली वेगळी फाइल) गिरवायचा, रेषा आणि सॉलिड फिल्ड रीजन (भरीव रंगाचा आकार) वापरून. सरळ कडा, मोठी अक्षरं असतील तर उत्तम, कितीही झूम केलं तरी फाटत नाही. पण एक अडचण येते: साधारण ०.८ मिमीपेक्षा छोटी रेष रेव्हिट काढू देत नाही. ६ सेंमीच्या लोगोत नक्षीची किंवा देवनागरी अक्षरांची बारीक वळणं असतील तर 'रेष फार लहान' असा एरर येतो आणि फिल्ड रीजनची कड बंद होत नाही.

हरिपूर_घाट
देवनागरी आहेच, वरच्या वेलांटीपाशी अडकतंय.

विटा_ड्राफ्टिंग
मग गिरवू नका. ती डीडब्ल्यूजी ऑटोकॅडमधून पीडीएफ काढा, पीडीएफवरून ६०० डीपीआयला पीएनजी करा. ६ सेंमीला १४१७ पिक्सेल रुंद येईल. टायटल ब्लॉक फॅमिलीतली जुनी इमेज काढून ही ठेवा, रुंदी प्रॉपर्टीजमध्ये ६० मिमी टाइप करा, हाताने ओढू नका, आणि फॅमिली प्रोजेक्टमध्ये लोड करताना 'ओव्हरराइट' द्या. सगळ्या शीट्सवर एकदम बदलेल.